नुसतं ‘बरं’

गडहिंग्लजात क्लब म्हटलं की माणसांच्या डोळ्यांपुढं पत्ते येतात. त्यामुळे दर गुरुवारी वृषाली नलवडे ‘आज क्लब आहे’ म्हणत घराबाहेर पडायला लागली की तिची आई हमखास विचारायची, “आज कुणाचा डाव?” वृषाली संजीवन रुग्णालयाच्या औषध विभागाची प्रमुख. तिनं सुरू केलेल्या या जर्नल क्लबात पत्ते नसत, शोधनिबंध असत. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि ती स्वतः, अशी पाच दिशांना तोंडं असलेली पाच माणसं एका टेबलाभोवती बसत, जगात कुठंतरी छापून आलेला एक पेपर पुढ्यात घेत आणि त्याची सालं काढत. आई डबाभर भडंग करून द्यायची. उपाशीपोटी भांडण रंगत नाही, असं तिचं मत होतं.

या गुरुवारी आईनं डाव विचारला नाही. भडंगही केलं नव्हतं. “आज ऱ्हाऊ दे म्हटलं,” एवढंच ती खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली. वृषाली घाईत होती. “वेळेवर जेव, मीठ घेऊ नको, वजन करून ठेव, फोन जवळ ठेव,” असं एका दमात सांगून तिनं पायात चपला सरकवल्या.

“बरं,” आई म्हणाली.

बाजारात विकतचं भडंग घेताना वृषालीला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळेना, म्हणून ती उगाच दुकानदारावर चिडली.

*

तीन वर्षांपूर्वी ‘कानोसा’ आला आणि क्लबातली भांडणं संपली होती.

कानोसा म्हणजे तपासणीच्या प्रत्येक खोलीत, वॉर्डात आणि क्लबाच्या खोलीतही भिंतीवर बसवलेली साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी. ती ऐकायची. पेशंट काय बोलला, डॉक्टर काय बोलले ते लिहून काढायची, म्हणजे डॉक्टरांना मान खाली घालून टाइप करत बसायला नको. इथवर सगळं छान होतं. पण ऐकलेलं बोलणं म्हणजे माहितीच, आणि माहिती वाया घालवणं यंत्राच्या स्वभावात नसतं. पूर्वी एखाद्या गोळीनं माणसाला आराम पडतो का हे ठरवायला वर्षं लागायची. माणसं नेमायची, प्रश्न विचारून घ्यायचे, पुन्हा पुन्हा बोलवायचं. कानोशानं तो सगळा कारभारच मोडीत काढला. कसं वाटतंय हे पेशंट डॉक्टरला सांगतोच ना? मग प्रत्येक भेटीतल्या बोलण्याला तो ‘आराम-गुण’ द्यायचा. राज्यभरातल्या साठ रुग्णालयांच्या भिंतींवरून हे गुण गोळा व्हायचे, त्यांची बेरीज-वजाबाकी व्हायची आणि काही आठवड्यांत पेपर तयार. पेशंटला आराम असल्याची खूण पटली की डबीवर एक हिरवा ठिपका उजळायचा. पेशंटांना तो ठिपका फार आवडायचा. देवानं कौल दिल्यासारखं त्याच्याकडे बघायचे.

शेवटचा शब्द मात्र माणसांचा, असा नियम होता. पेपर आला की प्रत्येक रुग्णालयातल्या क्लबानं तो वाचायचा आणि तोंडानं मान्य किंवा अमान्य म्हणायचं. कानोसा तेही ऐकून नोंदवायचा. पाचांपैकी तिघांनी मान्य म्हटलं की उपचाराचा नियम तिथं आपोआप बदलायचा. मत न देता उठून गेलेल्याला हरकत नाही, असं धरलं जायचं. तिघांनी अमान्य म्हटलं तर नियम थांबायचा आणि त्यांची शंका बाकीच्या रुग्णालयांकडे जायची. पण अमान्य म्हणणार कोण? पेपर वाचायचीसुद्धा गरज उरली नव्हती. कानोसा भिंतीवरच्या पडद्यावर पाच चित्रांत सार सांगायचा. पाच चित्रं, चहा, भडंग, मान्य. वृषाली पूर्वी प्रत्येक पेपरला एक ठरलेला प्रश्न विचारायची: “ह्यातली माणसं कोण?” तो प्रश्न शेवटचा कधी विचारला हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

*

आजचा पेपर मात्र त्यांच्या घरचा होता. हृदय कमजोर झालं की अंगात पाणी साठतं, ते काढायला एक गोळी देतात. पेशंट तिला लघवीची गोळी म्हणतात आणि मनापासून शिव्या घालतात, कारण ती घेतली की एसटीनं लांबचा प्रवास करायची सोय राहत नाही. पेपर म्हणत होता, प्रकृती स्थिर असेल तर ही गोळी बंद करा. बंद केलेल्यांना चालू ठेवलेल्यांपेक्षा जास्त आराम पडला आहे. लेखकांमध्ये डॉ. हेमंत शिंत्रे हे नाव होतं. संजीवनमधल्या माणसाचं नाव परदेशी जर्नलात पहिल्यांदाच आलं होतं. सर नवा शर्ट घालून आले होते.

आणि प्रयोगात दीड महिन्यापूर्वी ज्यांची गोळी बंद झाली त्यांत वृषालीची आई होती. “घे भाग, चांगलं काम आहे,” असं म्हणून तिच्या हातात पेन देणारी वृषालीच होती.

“दोन वाजेपर्यंत आपलं उत्तर गेलं पाहिजे,” शिंत्रे सर म्हणाले. “उद्यापासून नियम लागू. म्हणजे ही गोळी मागितली तरी तुमच्या खिडकीवर निघणार नाही, वृषाली मॅडम. तेवढंच तुमचं काम कमी.”

आहारतज्ज्ञ कोरी मॅडमनी पहिल्या चित्रालाच मान्य म्हणून टाकलं आणि त्या निघून गेल्या. त्यांना ओपीडी होती.

वृषालीनं टेबलाखाली आईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. मग ती खिडकीशी गेली आणि शेजारच्या हौसाकाकींना दबक्या आवाजात म्हणाली, “आई फोन उचलत नाहीय. जरा बघून येता?”

थोड्या वेळानं काकींचा उलट फोन आला. “हाईत की गं बऱ्या. खुर्चीत बसल्यात. फोन आत ऱ्हायलाय त्यांचा. मी इचारलं, कसं वाटतंय, तर बरं म्हणाल्या.”

“नक्की?”

“आता मला खोटं सांगून त्यास्नी काय मिळायचंय?”

खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. वृषाली जागेवर येऊन बसली तेव्हा सर तिसऱ्या चित्रावर पोचले होते.

“बरं, मग?” भडंग चावत सिस्टर फिलोमिना बारदेसकर म्हणाल्या. सिस्टर मुख्य परिचारिका, निवृत्तीला आलेल्या.

पडद्यावर अक्षरं उमटली: परिचारिका विभाग, मान्य.

फिजिओथेरपिस्ट इरफान मुजावरला हसू आवरेना. “सिस्टर, तुम्ही तर अक्षता टाकून मोकळ्या झालात.”

“अरे, मी कुठं मान्य केलं? मग पुढं काय, असं विचारलं मी.”

“बरं म्हणालात ना? बरं म्हणजे हो.”

सगळे हसले. वृषाली मात्र त्या शब्दापाशीच अडकली. बरं म्हणजे हो. बरं म्हणजे बरी आहे. बरं म्हणजे मग पुढं काय. आणि बरं म्हणजे, तू म्हणतेस तर तसं, आता जा. सकाळी आई म्हणाली ते यातलं कुठलं होतं? आणि आत्ता काकींना म्हणाली ते?

“सर,” ती म्हणाली, “ह्या पेपरातली माणसं कोण?”

“अकरा हजार पेशंट. पहिल्या चित्रात होतं की.”

“आपल्याकडची कोण? मला त्यांचं बोलणं ऐकायचंय. क्लबाला तो अधिकार आहे.”

सरांनी घड्याळाकडे बघितलं. दोन वाजायला फार वेळ नव्हता. पण आज त्यांचा दिवस होता आणि ते खुशीत होते. “ऐकवा,” ते भिंतीला म्हणाले. “गोळी बंद केलेल्यांतलं, गुण चांगले मिळालेलं, कुठलंही.”

खोलीत त्यांचाच आवाज घुमला. “या आजोबा, बसा. कसं वाटतंय? ही लघवीची गोळी आता बंद करायची. पण वजन रोज बघायचं, मीठ कमी, पायाला सूज आली तर लगेच यायचं.”

“बरं,” एक थकलेला आवाज.

“आणि थोडं थोडं चालायचं.”

“बरं.”

“पुढच्या पंधरवड्यात दाखवून जायचं.”

“बरं बरं.”

पडद्यावर निकाल आला. आराम-गुण: उत्तम.

इरफानचा हात भडंगाच्या पुड्यातच राहिला. दुसरं बोलणं आपोआप सुरू झालं. एक म्हातारी म्हणत होती, “डाक्टर, रातचं जरा...” आणि सर म्हणत होते, “हो हो, होतं तसं. मीठ खाता का? अजिबात खायचं नाही. पाणी मोजून प्यायचं.” मग म्हातारी म्हणाली, “बरं.” आराम-गुण: उत्तम.

“थांबव,” वृषाली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “सर, आपण ‘कसं वाटतंय’ विचारतो आणि थांबत नाही. त्याच दमात सूचना सुरू करतो. पेशंट बरं म्हणतो ते आपल्या शेवटच्या सूचनेला, आणि हा कानोसा ते जोडतो पहिल्या प्रश्नाला. गोळी चालू ठेवायची असली तर आपण काय सांगतो? तीच गोळी घ्या, या. एक बरं. बंद करायची तर दहा सूचना. दहा बरं. ज्याला जास्त बजावलं, त्याला जास्त आराम.”

“एका शब्दावर गुण ठरत नाहीत, मॅडम,” सर म्हणाले. खुशी ओसरली होती. “आवाजाची पट्टी असते, वेग असतो, शंभर गोष्टी असतात. आणि साठ ठिकाणच्या लोकांना हे दिसलं नसतं?”

“त्यांनाही हीच पाच चित्रं गेलीत.”

“दवाखान्यात दाखल होणारे वाढले नाहीत, हे आहे ना पेपरात?”

“पाणी हळूहळू साठतं, सर. पेपरानं एक महिना बघितलाय. सूचनेनंतरची बरं काढून टाका आणि गुण पुन्हा मोजायला सांगा. एवढंच म्हणतेय मी.”

मग तिनंच भिंतीला तसं सांगितलं. थोडा वेळ लागेल, असं कानोशानं लिहिलं, आणि रिकामं बसणं त्याला ठाऊक नसल्यामुळे मधल्या वेळात तिसरं बोलणं सुरू केलं.

“या मावशी. कसं वाटतंय? वजन बघताय ना?”

“डाक्टर, आडवं झालं की मला...”

आणि त्यावर चढलेला, स्पष्ट, घाईतला एक आवाज. “आई, सरांना वेळ नाहीय. सांगतात ते नीट ऐक. मीठ घ्यायचं नाही, वजन रोज करायचं. कळलं?”

मग आईचा आवाज आला. “बरं.”

आराम-गुण: उत्तम.

कुणी वृषालीकडे बघितलं नाही, आणि तेच तिला सोसेना. कानोसा परवा-परवाचा. ती जन्मापासून हा शब्द ऐकत आली होती आणि तिनंही तो यंत्रासारखाच ऐकला होता. आडवं झालं की. आडवं झालं की काय, आई?

तिनं हौसाकाकींना फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. “काकी, आईला पलंगावर आडवं व्हायला सांगा. एका उशीवर. आत्ता.”

“आता दुपारचं कशाला?”

“सांगा तेवढं. फोन चालू ठेवा.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पलंग करकरला. मग नुसती वाट बघणं. ते दोन क्षण वृषालीला संपता संपेनात.

“व्हईनात झाल्यात गं,” काकींचा आवाज बदलला होता. “पाठ टेकली की उठून बसालेत. दम लागालाय. वर हासून म्हणत्यात, खुर्चीतच बरं हाय. आणि पाय कसं भरल्यागत दिसालेत.”

सिस्टरना पुढचं सांगावं लागलं नाही. माणूस आडवा झाला की साठलेलं पाणी फुप्फुसात चढतं आणि श्वास कोंडतो, हे त्यांनी पुस्तकात कमी आणि वॉर्डात जास्त वाचलं होतं. त्यांचा फोन आधीच कानाला होता. “अँब्युलन्स काढा. मी दारात येते.” मग त्या पडद्याकडे वळून, शाळेत हजेरी देतात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, “परिचारिका विभाग, अमान्य. मघाचं खोडा.”

वृषालीही उठली. दारापर्यंत गेली आणि थबकली. पडद्यावर मोजणी अजून चालूच होती. तिनं आपलं अमान्य सांगितलं असतं तरी दोनच झाले असते. कोरी मॅडमचं मान्य पडून होतं. इरफानची नोकरी कच्ची होती आणि तो सरांकडे बघत होता. ती गेली असती तर या खोलीत सरांशी वाद घालायला कोणी उरलं नसतं, आणि उद्या सकाळी तिच्याच खिडकीवरून माणसं गोळीशिवाय परत गेली असती.

“तू बस,” सिस्टर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. “तुझ्या आईला आणायचं काम माझं. हे तुझं.”

वृषाली बसली. आयुष्यात तिला कुठलीच गोष्ट इतकी जड गेली नव्हती. आई तिकडं श्वासासाठी धडपडत असताना आपण मतं मोजत बसलोय, हा विचार तिला आतून कुरतडत होता. “औषध विभाग, अमान्य,” ती म्हणाली.

मोजणी संपली. सूचनेनंतरची ‘बरं’ वगळली तर गोळी बंद केलेल्यांचा आराम चालू असलेल्यांपेक्षा कमी भरत होता. थोडाथोडका नाही, चांगलाच कमी.

सरांनी पडद्याजवळ जाऊन आकडे पुन्हा वाचले. नव्या शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती. “काल रात्री अण्णांना वाचून दाखवला हा पेपर,” ते म्हणाले. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. “पूर्ण वाचला. त्यांना कळत नव्हतं, तरी ऐकत होते बिचारे. मध्ये मध्ये बरं, बरं म्हणत...”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“अण्णांची पण गोळी बंद केलीय मी,” ते म्हणाले. “प्रयोगाबाहेर. निकाल दिसायला लागले तेव्हाच.”

बाहेर अँब्युलन्सचा भोंगा लांब गेला. दोन वाजत आले होते.

“सर, तुमचं मत,” वृषाली म्हणाली.

सरांनी हताशपणे मान हलवली. “बरं,” ते पुटपुटले.

वैद्यकीय विभाग, मान्य.

“सर, बरं म्हणू नका,” वृषाली जवळजवळ ओरडलीच. “नाही म्हणा. त्याला ऐकू जाईल असं.”

त्यांनी दचकून पडद्याकडे पाहिलं. मग सावकाश, एकेक अक्षर सोडवून म्हणाले, “अमान्य.” पाठोपाठ इरफानही म्हणाला.

वृषाली तोवर जिन्यावर होती.

*

आईला वॉर्डात पलंगाचा माथा उंच करून बसवलं होतं. नाकाला ऑक्सिजनची नळी, हातात सलाईनची सुई. पाणी काढायचं इंजेक्शन सुरू झालं होतं. फुप्फुसं मोकळी व्हायला वेळ लागेल, रात्र कशी जाते बघू, असं सिस्टर म्हणाल्या, आणि ‘बघू’ या शब्दाला त्यांनी उगाच गोड केलं नाही. शिंत्रे सर आले, आईला तपासून गेले आणि जिन्यातूनच वडिलांना फोन लावत खाली उतरले.

क्लबाची शंका सगळीकडे गेली होती. पण निम्म्याहून जास्त ठिकाणी नियम सकाळीच मान्य झाला होता. तिथले क्लब पुन्हा बसेपर्यंत गोळी बंदच राहणार होती. प्रयोगातली कुठं कुठं किती माणसं आज रात्री पाठीला उशा लावून बसून राहतील आणि सकाळी विचारल्यावर काय सांगतील, हे वृषालीला आता चांगलंच ठाऊक होतं.

तिनं स्टूल पलंगाजवळ ओढलं. ऊन कलून आईच्या पावलांवर आलं होतं. पावलं खरंच भरलेली दिसत होती. ती आपण रोज बघत होतो आणि बघत नव्हतो.

“कसं वाटतंय, आई?”

“बरं.”

वृषालीच्या जिभेवर दहा सूचना आल्या. बोलू नको, नळी ओढू नको, हात हलवू नको. तिनं एकही सांगितली नाही. ती गप्प बसली. आईनं तिच्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं. लेक अजून गप्पच आहे याचं तिला नवल वाटलं असावं.

“आडवं झालं की बुडाल्यागत हुतंय,” आई हळूच म्हणाली. “आधी थोडंच हुतं, आता चार-पाच रात्री बसूनच काढल्या. भडंगाला कढईपाशी उभं ऱ्हावंना.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगाय गेलो हुतो की डाक्टरला. तू म्हणालीस, त्यास्नी येळ न्हाई.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. वृषालीनं मान खाली घातली आणि पलंगाची चादर उगाच नीट केली. आईनं दम घेतला, नळी जरा सारखी केली.

“आज कुणाचा डाव?”

“अजून ठरायचाय.”

“हं.” आई थोडा वेळ तिचा चेहरा न्याहाळत राहिली. “आणि तू? तू कशी हाईस?”

“मी बरी आहे,” वृषाली म्हणाली.

भिंतीवरचा हिरवा ठिपका उजळला. आई मात्र तिच्याकडे बघत तशीच थांबून राहिली.